एकोणीस दिवस

गोरखपूर, जबलपूर
१४ जून २०२५

ताई,

तू फोन उचलत नाहीस. मेसेजला निळी खूण येते आणि पुढे काही नाही. म्हणून कागद घेतला. फाडायचा असेल तर वाचून फाड.

दोन्ही डिस्क काल पुण्याहून परत आल्या. बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढणाऱ्या तिथल्या माणसाने स्वतः फोन करून सांगितलं. पहिली धडधाकट आहे. दुसरीचं वाचणारं टोक चकतीवर टेकलं होतं आणि चकती गोल खरवडून निघाली आहे. "साहेब, हिच्यातून काहीच निघणार नाही. आणि हिच्याशिवाय पहिलीचा उपयोग नाही," तो म्हणाला. त्याने नमुना म्हणून एक पान पाठवलं. तुझ्या रजिस्टरचं स्कॅन. एक पट्टी पानाची, एक पट्टी काळी, पुन्हा एक पट्टी पानाची. नावाची पहिली अक्षरं दिसतात, गाव दिसत नाही. जिथे रक्ताचा निकाल लिहिलेला असायचा तिथे बरोबर काळी पट्टी.

मार्चमध्ये तू मला विचारलं होतंस, "हे कसं झालं ते मला कळेल असं सांग." मी तेव्हा नुसते तांत्रिक शब्द फेकले. आता सांगतो. कुंडमच्या सिकलसेल कॅम्पमध्ये तू लॅपटॉपवर नाव टाकायचीस आणि आमच्या घरच्या सर्व्हरवरून पान उघडायला चाळीस सेकंद लागायचे. समोर रांग, मांडीवर रडणारी पोरं. तू म्हणालीस, "अनि, जरा लवकर उघडेल असं काही कर ना." म्हणून मी दोन डिस्क जोडल्या. प्रत्येक फाइलचे तुकडे आलटून पालटून दोघींवर. दोघी एकाच वेळी वाचतात, त्यामुळे वेग दुप्पट, आणि बाकीची मांडणीही नव्याने बसवली. चाळीसाचे चार सेकंद झाले तेव्हा तू कॅम्पमधून फोन केला होतास. इतकं खूश मी तुला कधी ऐकलं नव्हतं.

या मांडणीत एक डिस्क गेली की सगळं जातं. ते मला ठाऊक होतं. पण ती कुठलीही सूचना न देता गेली, ताई. उन्हाळा सुरू झाला होता, लाइट सारखी ये-जा करत होती. कुणाच्याही घरी झालं असतं.

अकरा वर्षं, चार हजार दोनशे माणसं. मला आकडा पाठ आहे. तेवीस रजिस्टरं रद्दीत द्यायला मीच लावली, तेही पाठ आहे. तू विचारलंस, "ठेवू का?" आणि मी म्हणालो, "वाळवी लागलेले कागद कशाला सांभाळतेस, सगळं दोन जागी आहे."

भय्यासाहेब रोज सकाळी विचारून राहिले, "पद्मजा धारणीला काहून गेली? इथे दवाखाने नाहीत काय?" मी सांगतो, बदली झाली. शहाऐंशी वर्षांच्या बापाला आणखी काय सांगू? अवंतिकाही या वेळी नवऱ्याची बाजू घेत नाही; म्हणते, मी तुला आधीच लिहायला हवं होतं.

अनि


गोरखपूर
२५ जुलै २०२५

ताई,

मागच्या पत्राला उत्तर नाही. हे पत्र माझ्यासाठी नाही, म्हणून नक्की वाच.

तुझ्या कॅम्पच्या मदतनीस शकुने घरच्या लँडलाइनवर फोन केला. तुझा नंबर लागत नाही म्हणाली, आणि काय झालंय ते फोनवर सांगेना. रविवारी मी कुंडमला गेलो. इतक्या वर्षांत तुझ्या कॅम्पला मी एकदाच आलो होतो, तेसुद्धा राउटर लावायला. शकु आरोग्य केंद्राच्या मागे कपडे वाळत घालत होती. मला बघून हात पुसले, पण खुर्ची दिली नाही.

"आप वही भैया हैं न, जिनके घर मशीन थी?"

मी हो म्हणालो.

"दीदी ने कहा था, शकु, अब कागज मत ढोओ, मेरे भाई ने सब रख लिया है. मैंने गाँव-गाँव यही कहा. कार्ड खो गया तो घबराओ मत, दीदी की मशीन में है." मग म्हणाली, "मेरे मुँह से कहलवाया आपने."

ती चालू लागली, मी मागे गेलो.

नथ्थू तुला आठवत असेल. गुडघ्याला कापड गुंडाळलेला, कॅम्पला सगळ्यात आधी येऊन सतरंजी अंथरणारा. त्याची मुलगी दीपा, वीस वर्षांची. एप्रिलच्या शेवटी तिचं लग्न झालं, मुलगा पलीकडच्या गावचा, सुमेर, पिकअप चालवतो. लग्न ठरताना दोन्ही घरं शकुकडे आली होती. तूच त्यांना शिकवलं होतंस ना, कुंडलीआधी रक्त बघा, दोघंही सिकलसेलचे वाहक असतील तर पोराला त्रास. त्यांची कार्डं हरवलेली. दोघांचीही तपासणी तू केलेली. शकु म्हणाली, दीदीच्या मशीनमध्ये बघू. मशीन महिन्याभरापूर्वीच बंद पडलं होतं. तपासणीचं सामान संपलेलं, डॉक्टर नाही. दोन आठवडे वाट बघितली आणि मग लग्न लावलं, कारण पत्रिका वाटून झाल्या होत्या.

दीपाला दिवस गेलेत, दोन महिने झालेत.

इथे मला तुझा राग आला, ताई. खोटं कशाला बोलू? डिस्क माझी गेली, पण कॅम्प तू बंद केलेस. आठ दिवसांत सामान बांधून गेलीस. शकुच्या हातात चार किट ठेवून गेली असतीस, तर हे लग्न तरी तपासून झालं असतं.

लिहिलं खरं, पण आता ते माझंच मला वाचवत नाही. राहू दे तसंच.

मंगळवारी मी दोघांना जबलपूरला आणून लॅबमध्ये त्यांचं रक्त तपासायला दिलं. काल रिपोर्ट आला. दोघंही वाहक. बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. तो आकडा मी इंटरनेटवर वाचला आणि मग लॅबच्या बाईंना विचारला. त्यांनीही तोच सांगितला.

दीपाला मी अजून पूर्ण सांगितलेलं नाही. मी संगणकाचा मास्तर. तिला काय सांगायचं आणि कसं, हे मला येत नाही. पुढे कुठे न्यायचं, कोणती तपासणी, किती दिवसांत, काहीच ठाऊक नाही. माझ्याशी बोलू नको. फक्त हे लिहून पाठव.

अनि


गोरखपूर
४ ऑगस्ट २०२५

ताई,

पोस्टकार्ड मिळालं. अकरा ते तेरा आठवड्यांच्या दरम्यान बाळाच्या वारेचा नमुना, नागपूरच्या डॉक्टरांचं नाव, फोन, कोणते रिपोर्ट सोबत न्यायचे, सगळं कळलं. अकरा तारीख मिळाली आहे. शकु सोबत येते. दीपाशी फोनवर तू पाऊण तास बोललीस, हेही शकुने सांगितलं. त्यानंतर पोरगी जेवली, म्हणे.

कार्डाच्या खाली तू दोन ओळी लिहिल्यास. एक, "कॅम्प मी बंद केले, हे मला माहीत आहे." ती वाचून मला स्वतःची लाज वाटली. दुसरी, "दुसरी प्रत कुठे होती, ते तू अजून सांगितलेलं नाहीस."

सांगतो.

तुला माझा आलेखाचा कागद दाखवला होता, आठवतं? डिस्क कशी विभागायची त्याचा नकाशा. रंगीत पेन्सिलींनी केलेला. चकती गोल फिरते, आणि बाहेरच्या कडेला एका फेरीत जास्त वाचून होतं, म्हणून कडेचा भाग जलद आणि मधला संथ. संगणकाची स्वतःची व्यवस्था मी वेगळ्या छोट्या डिस्कवर ठेवली, म्हणजे ती मोठ्या दोघींच्या आड येणार नाही. मोठ्या दोघींची कडेची जागा तुझ्या नोंदींना दिली. त्यानंतर माझे व्हिडिओ. आणि अगदी आतला, संथ, कुणाला नको असलेला भाग उरला, त्याला हिरवा रंग देऊन मी लिहिलं: प्रत.

म्हणजे दुसरी प्रत होती. रोज पहाटे आपोआप व्हायची. त्याच दोन डिस्कवर.

मी तुला "दोन जागी आहे" म्हणालो तेव्हा शब्दशः खोटं बोललो नव्हतो. पण तू दोन जागा म्हणजे काय समजलीस ते मला कळलं होतं. तू दोन पेट्या समजलीस. तुझा चेहरा मोकळा झाला आणि मी तो तसाच राहू दिला. वर्गात पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हेच शिकवतो, की प्रत वेगळ्या वस्तूवर हवी, जमल्यास वेगळ्या घरात. एक बाहेरची डिस्क आणून तुझ्या घरी ठेवली असती, तर झालं असतं. दर महिन्याला आणू म्हणायचो. पण ती डिस्क म्हणजे नुसता डबा, तिच्यात करण्यासारखं काही नव्हतं. मला मांडणीत रस होता. चाराचे तीन सेकंद कसे होतील यात.

भय्यासाहेबांना खरं सांगितलं. सगळं नाही, एवढंच की ताई बदलीवर गेलेली नाही, माझ्यामुळे गेली. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तरीच ती जाताना तुझ्याकडे बघत नव्हती." दुपारी जेवले नाहीत.

अनि


गोरखपूर
८ सप्टेंबर २०२५

ताई,

निकाल तुला शकुने आधीच कळवला असणार. तरी मी माझ्या तोंडाने सांगतो. बाळ वाहक आहे, आजार नाही.

नागपूरला जाताना गाडीत दीपा खिडकीशी बसली होती. शिवनीच्या पुढे तिने मला विचारलं, "भैया, अगर खराब निकला तो क्या करना पड़ेगा?"

मी म्हणालो, "करना कुछ नहीं पड़ेगा. जो तुम दोनों चाहो."

"दीदी ने भी यही कहा." मग थोड्या वेळाने, "मेरा छोटा भाई इसी में गया था. नौ साल का था. हाथ-पैर पकड़ के चिल्लाता था. अम्मा उसको नमक के पानी से सेंकती थी." सुमेर पुढच्या सीटवर होता. तो मागे वळला नाही, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

डॉक्टरांनी सुई टाकली तेव्हा शकु तिच्या डोक्याशी उभी होती. आम्ही दोघं पुरुष बाहेर. सुमेरने मला विचारलं, "आप दीदी के सगे भाई हैं?" हो म्हणालो. "तो आपको भी खून का सब समझता होगा." मी नाही म्हणालो. "मशीन का?" त्याने विचारलं. मी पाणी आणायला उठलो.

सव्वीसला निकाल आला. मी कुंडमला जाऊन सांगितला. दीपा खाली बसली आणि दोन्ही हात जमिनीला टेकवून रडली. तिची सासू माझ्या पाया पडायला लागली, तिला धरता धरता माझाच तोल गेला.

पण मी हे पत्र वेगळ्याच गोष्टीसाठी लिहून राहिलो.

परवा नथ्थू घरी आला. बसने, गुडघा ओढत. पिशवीत कोदो आणि कुटकी, घरचं भरड धान्य. भय्यासाहेब बाहेरच्या खोलीत होते. नथ्थूने त्यांचे पाय शिवले आणि म्हणाला, "मास्टरजी, आपके बेटे ने हमारी बिटिया को बचा लिया." भय्यासाहेबांचा चेहरा मार्चनंतर पहिल्यांदा उजळला. मला हाक मारून म्हणाले, "ऐकलंस काय, अनि? काय म्हणून राहिला हा माणूस!" अवंतिकाने चहा आणला. मी तो तसाच ठेवला आणि आत जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

मी कुणाला वाचवलं नाही. चारातल्या तीन बऱ्या बाजूंपैकी एक पडली, एवढंच. शकु म्हणते, या उन्हाळ्यात तिच्या बाजूला शंभराच्या वर लग्नं झाली. त्यातली किती घरं तिच्याकडे विचारायला येऊन परत गेली, ते ती मोजायचं म्हणते आणि मोजत नाही.

आता जे सांगायचं ते. पहिल्या पत्रात मी लिहिलं की डिस्क सूचना न देता गेली. तसं नाही.

सर्व्हरला मीच सांगून ठेवलं होतं की डिस्कवर खराब जागा सापडू लागल्या की मला मेल कर. पहिला मेल अठरा फेब्रुवारीला आला. अकरा जागा खराब. दुसऱ्या दिवशी चौदा. मग चाळीस. रोज सकाळी पोहे खाताना फोनवर यायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी मी ते मेल बंद केले.

बंद केले कारण आठ मार्चला कॉलेजात माझं व्याख्यान होतं. घरच्या घरी वेगवान सर्व्हर कसा मांडावा. आपलंच मशीन उदाहरण म्हणून, पडद्यावर थेट वेग दाखवायचा. डिस्क बदलायची म्हणजे ती जोडी मोडावी लागली असती, सगळं कुठेतरी उतरवून पुन्हा मांडावं लागलं असतं, आणि व्याख्यानापर्यंत तो वेग परत आला असता की नाही याची खात्री नव्हती. मी ठरवलं, व्याख्यान झालं की बघू. सगळं उतरवून तरी ठेवावं, हेही मनात आलं होतं. पण उतरवायला बसलो असतो, तर डिस्क खराब आहे हे मला स्वतःशी कबूल करावं लागलं असतं.

व्याख्यान छान झालं. लोक उभे राहिले टाळ्या वाजवत. प्राचार्यांनी तो रंगीत आलेख मागून घेतला, लॅबमध्ये लावायला. दुसऱ्या दिवशी, नऊ मार्चला, रविवारी, तू कुंडमहून फोन केलास: "अनि, उघडत नाहीये." मी जेवत होतो. मी म्हणालो, "कुंडमचं नेट असेल." मला त्याच क्षणी कळलं होतं, ताई. मी तरी ताट संपवलं.

अठरा फेब्रुवारी ते नऊ मार्च. एकोणीस दिवस. हे अवंतिकालाही ठाऊक नाही. तू शकुशी बोलायला लागलीस, मागच्या आठवड्यात भय्यासाहेबांना फोन केलास, कदाचित एखाद दिवशी माझ्याशीही बोलशील. हे लिहिल्यावर ते होणार नाही, असं धरून लिहितो. पण नथ्थूचा कोदो माझ्या घरात आहे आणि मला त्यातला घास घेता येत नाही.

तपासणीचं सामान शकुकडे पोचवलं आहे. नोंदी पुन्हा पहिल्यापासून करायच्या. मी दर रविवारी जातो.

अनिमेष


धारणी
१७ सप्टेंबर २०२५

अनि,

तुझं पत्र सोमवारी ओपीडीत हातात आलं. "एकोणीस दिवस" इथपर्यंत वाचून घडी घातली, खिशात ठेवलं आणि रांग संपवली. मग खोलीवर येऊन पुन्हा वाचलं. तीन दिवस रोज वाचते आहे.

पहिला मेल आला त्या दिवशी तू मला फोन केला असतास, तर मी सुट्टी टाकून तुझ्या घरी येऊन बसले असते. अवंतिका, मी, शकु, तिघी मिळून नाव, गाव आणि निकाल एवढंच उतरवलं असतं. दिवसाला अडीचशे नावं सहज झाली असती. सतरा दिवस लागले असते. दोन दिवस उरले असते. हे तुला कळावं म्हणून लिहिते, शिक्षा म्हणून नाही. नाही, शिक्षा म्हणूनही.

माफ केलं असं मी लिहिणार नाही. ते खरं नसेल, आणि अर्धं खरं बोलणं मला आता आपल्या घरात नको आहे. तू हे लिहिलंस, न लिहिता निभावलं असतं तरी लिहिलंस, हे मी बाजूला ठेवलं आहे. त्याचं काय करायचं ते मला अजून कळत नाही.

शकुच्या आसपासच्या लग्नांची यादी तिच्याकडून मागवली. एकशे सतरा. मी इथल्या डॉक्टरांशी बोलून महिन्यातले दोन रविवार मोकळे करून घेतले आहेत. खंडव्याहून गाडी धरून शनिवारी येईन. शकुकडे उतरेन, गोरखपूरला नाही. भय्यासाहेबांना त्याच संध्याकाळी भेटेन, त्या वेळी तू घरी थांबू नको. त्यांना एकोणीस दिवसांचं तूच सांग, आणि मी येण्याआधी सांग. माझ्या तोंडून त्यांना कळायला नको.

आधी ही एकशे सतरा घरं करायची. जिथे दिवस गेलेत ती सगळ्यात पहिली. तीन रजिस्टरं आण, जाड पुठ्ठ्याची, एकाच नोंदीच्या तीन प्रती. एक शकुच्या घरी, एक आरोग्य केंद्रात, एक माझ्यासोबत. संगणकात काय ठेवायचं ते नंतर बघू, आणि ठरवायच्या वेळी मी समोर असेन.

कॅम्पमध्ये कामाशिवाय माझ्याशी बोलू नको, मला जमणार नाही. मी रक्त घेईन आणि निकाल मोठ्याने सांगेन. माझं अक्षर माझं मलाच लागत नाही. लिहायला तू बस.

पद्मजा